पाकीट, खडू आणि ७२ फूट

५ मे

सुट्टी लागून दोनच दिवस झालेत आणि "आई, काय करू?" हे दुपारपर्यंत अकरा वेळा ऐकलं. मोजलं मी. हाताखाली लग्नसराईची सात ब्लाउजं, बाहेर ४२ अंश ऊन, आणि मशीनच्या पायाशी धाकटी बटणांचा डबा उपडा करून बसलेली. मोठा पलंगावर आडवा, मोबाइल छातीवर. १४ पूर्ण झाल्यापासून काहीही विचारलं की "हं."

गेल्या वर्षी एका समर कॅम्पला दोघांचे मिळून सात हजार भरले होते. दहा दिवसांत कागदी प्लेटचा एक सिंह झाला, बाकी वेळ टीव्हीवर कार्टून. सिंह अजून फ्रिजवर आहे. टाकवत नाही, सात हजारांचा आहे.

रात्री ह्यांच्याशी बोलले आणि एका पाकिटात दीड हजार घालून मोठ्याच्या हातात दिले. म्हटलं, हे मे महिन्याचे, दोघांचे मिळून. गोळा, रिक्षा, तिकिटं, जे काय असेल ते ह्यातून. वहीत हिशेब लिहायचा. संपले की संपले. त्याने पैसे मोजले, परत मोजले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ताठ बसला. सासूबाई म्हणाल्या, "आठवड्यात उडवेल." मला त्यांचं पटत होतं, पण बोलले नाही.

८ मे

उडवत नाहीये. उलट चिक्कू झालाय. बहिणीने गोळा मागितला तर ह्याने कैरीचं पन्हं वाट्यांत ओतून, मध्ये चमचे उभे करून फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी पोहे खायला घरात एक चमचा नाही.

पहाटे दोघं आखाड्यात जातात. मल्लखांब. बडोद्यात जुम्मादादा आणि माणिकराव ह्या जुन्या उस्तादांच्या नावाचा दरारा अजून एवढा आहे की सासूबाईंनी फीचे पैसे स्वतःच्या बटव्यातून काढून दिले, पाकिटाला हात लावू दिला नाही. मोठ्याच्या मांड्या सोलवटल्यात. खांबाला एरंडेल चोपडतात, त्याचा वास टी-शर्टमधून दोन धुण्यांतही जात नाही. कुरकुरतो, पण साडेपाचचा गजर स्वतः लावतो.

१२ मे

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेलो. मी किती वर्षांनी गेले! इमारत १८९४ ची, आत शिरलं की आपोआप आवाज खाली येतो. मोठा इजिप्तच्या ममीपाशी रेंगाळला. धाकटी मात्र देवमाशाच्या सांगाड्याखालून हलेना. महीच्या मुखाशी १९४४ साली वाहून आलेला निळा देवमासा, ७२ फुटी, आणि म्हणे पिल्लू. "बाळ?" तिने तीनदा विचारलं. "मग ह्याची आई आपल्या गल्लीत मावली असती का?"

आईचं राहू दे, बाळ तरी मावतं का, हे बघायचं येतानाच ठरलं. रिक्षाचे पैसे वाचवून मोठ्याने आम्हाला रावपुऱ्यापर्यंत चालवत आणलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो खर्च पाकिटात बसत नाही असं त्याचं मत.

१३ मे

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गल्लीत मोजणी. माझी शिवणाची टेप पाच फुटी, म्हणजे चौदा टेपा आणि वर दोन फूट. एक जण टोक धरून उकिडवा, दुसरी खडूची खूण करून पुढे पळतेय. नाक आमच्या ओट्याशी ठेवलं तर शेपटी थेट काकींच्या दारात. काकी पीठ मळता मळता बाहेर आल्या.

"आ शुं दोर्युं छे?"

"व्हेल, काकी. बोतेर फूटनी."

त्यांनी पिठाच्या हाताने कपाळावरचा पदर सारला, नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "डोळा कुठे आहे हिला?" चाळीस वर्षं मराठी शेजारात काढलेल्या काकी कधी कोणत्या भाषेत बोलतील, सांगता येत नाही. डोळा राहिलाच होता. धाकटीने तो निळ्या खडूने काढला, पुरीएवढा.

मग गल्लीतली सगळी पोरं जमली. कोणी फासळ्या काढल्या, कोणी पोटात स्वतःचं नाव लिहिलं. मोठ्याचे दोन मित्र आधी हसले, मग त्यांनीही खडू मागितला. साडेनऊपर्यंत एकाच्याही हातात मोबाइल नव्हता, नाही म्हणायला फोटो काढण्यापुरता. आणि माझी टेप? मळून काळी, पहिले चार इंच पुसट. आता कंबर मोजताना चार वजा करावे लागतात.

१४ मे

काकींनी सकाळी सडा घातला तो शेपटी सोडून, बाजूबाजूने.

२२ मे

मधले दिवस कुरडयांत गेले. अगाशीवर कावळे हाकायचं काम धाकटीकडे. मोठ्याला सेंट्रल लायब्ररीत पाठवलं. आजीने त्याला सांगितलं होतं की सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि पुढे गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. हा म्हणतो, "म्हणजे होम डिलिव्हरीच की." आल्यावर मात्र दोन दिवस पुस्तकातून डोकं वर नाही. ब्लाउजांना हुक लावून देतो, एका ब्लाउजचे पाच रुपये घेतो. टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत, हे त्याला सांगितलेलं नाही.

३१ मे

हिशेबाची रात्र. वहीप्रमाणे २२६ रुपये उरायला हवेत, पाकिटात २१४. बारा रुपये कमी. मोठ्याने सगळी पानं तीनदा बेरजून पाहिली, माझ्यावर संशय घेतला, ह्यांच्यावर घेतला. जेवताना बोलेना.

शेवटी धाकटी ताटाकडे बघत म्हणाली, "मी घेतले. खडू आणले."

गल्लीतून स्कूटर जाऊन जाऊन मासा कधीच पुसला गेलाय. फासळ्या नाहीत, पाठ नाही. डोळा तेवढा ठळक कसा, ह्याचं मला रोज आश्चर्य वाटायचं.

मोठ्याने पेन मागितलं. शेवटच्या ओळीत लिहिलं: डोळा, १२ रु.