काळी म्हणून आणलेली जास्वंद

९ जून

काळी जास्वंद अखेर घरी आली. वीतभराची दोन रोपं, पुण्याकडून प्रवास करून बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गच्चीवर पोचेपर्यंत मान टाकलेली. बुंध्याला बांधलेल्या चिठ्ठीवर नाव एवढंच : ब्लॅक. मरून रंग जरा गडद असला की नर्सरीवाले ब्लॅक लिहितात, हे मला आता ठाऊक आहे. तरी पैसे मोजले.

गेल्या वर्षी याहून मोठा गाढवपणा केला होता. तो इथे लिहून ठेवते, म्हणजे परत होणार नाही. मोबाइलवर बघून 'काळ्या जास्वंदीचं बी' मागवलं होतं. फोटोत फूल दौतीत बुडवल्यासारखं. बी उगवलं, झकास वाढलं. देठ लालसर, पानं पंजासारखी कातरलेली. मी रोज फोटो काढतेय. समोरच्या अक्का (घरात कन्नड, माझ्याशी मराठी) वाळवण घालायला आल्या, एक पान तोडून चावलं आणि म्हणाल्या, "अगं, ही पुंडी की!"

अंबाडी. तीसुद्धा जास्वंदीच्याच गोतावळ्यातली, म्हणून तक्रार तरी काय करायची? काही झाडं राखून ठेवली. दिवाळीनंतर फुलं आली, फिकट पिवळी, पोटात एक कुसुंबी-काळा ठिपका. काळं म्हणून मिळालं ते तेवढंच. बाकीच्याचं अक्कांनी पुंडीपल्ल्या केलं, वर लसणाची फोडणी. भाकरीबरोबर सगळ्यांनी ओरपलं. यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी कुठलं बी मागवणार?"

एक मात्र शिकले. संकरित जास्वंदीचं बी खरं निघालं तरी आईसारखं फूल देत नाही. दर बी वेगळं पोर. तोच रंग हवा तर त्याच झाडाची काडी हवी.

२ जुलै

पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं, त्यातही कोवळी पानं जास्त. आधी वाटलं, पाऊस जास्त झाला. मग कळलं की चूक माझीच. मी वडगाव शिवारातली काळी माती भरली होती, भात एवढं छान येतं म्हणून. पण त्या मातीत चुन्याचा अंश. लोह असतं, पण चुन्यापायी मुळांना ते उचलता येत नाही. वर आमचं बोअरचं पाणी, ज्यानं बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. जास्वंदीला जरा आंबट माती लागते.

हे खानापूरला गेले होते, येताना दोन पोती तांबडी माती आणली. तिच्यात शेणखत, थोडी वाळू. कुंड्या विटांवर चढवल्या, नाहीतर इथल्या पावसात बुडाला पाणी तुंबून मुळं कुजतात. पाणी आता पागोळीखालच्या पिंपातलं. चिखल जिनाभर झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं खराटा आणून माझ्यासमोर ठेवला.

२१ जुलै

दोनपैकी एक रोप गेलं. बुंधा दाबून बघितला तर मऊ. या भारी जाती फुलाच्या बाबतीत राणी, मुळांच्या बाबतीत अगदी नाजूक. म्हणून त्यांचं गावठी खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या साध्या रोपावर, कलम बांधतात. आणि गावठी म्हणाल तर आमच्या परड्यात हौदाशेजारी एकेरी तांबडी जास्वंद आहेच. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाही ती होती. तिला कोणी कधी खत घातलेलं नाही. धुण्याचं पाणी पिते आणि बारा महिने फुलते.

मार्चमध्ये तिच्या काड्या पिशव्यांत टोचून ठेवल्या होत्या, त्या आता पेन्सिलीएवढ्या जाड झाल्यात. अनगोळच्या एका माळीमामांना बोलावलं. त्यांनी ब्लेड स्पिरिटनं पुसलं, खुंटाचा शेंडा छाटला, मधोमध बोटाच्या दीड पेरांएवढी चीर दिली. काळीची काडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासून आत बसवली. "साल सालीला भिडली पाहिजे, एका बाजूला तरी. बाकी सगळं देवाचं." वर प्लास्टिकची पट्टी ताणून, त्यावर बर्फाच्या कांडीची पातळ नळी टोपीसारखी, आत ओल राहावी म्हणून. पाच बांधली. मामा चहा न घेता गेले, पाऊस पुन्हा सुरू व्हायच्या आत.

गणपतीच्या आदल्या दिवशी

दोन लागली. तीन काळी पडून सुकली (काळा रंग हवा होता, पण तो असा नव्हे). लागलेल्या दोहोंवर तांब्यासारखी कोवळी पानं आहेत.

आज परड्यातली तांबडी अक्षरशः लुटली गेली. सकाळी सहालाच तिघीजणी परडी घेऊन दारात. जास्वंद आणि दूर्वा, घराघरात हीच धांदल. मी सहज म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी आपण गणपतीला काळी जास्वंद वाहायची." सासूबाई दूर्वा निवडत होत्या. "काळं फूल देवाला? तुझ्या गच्चीवरच असू दे ते."

२६ ऑक्टोबर

कळ्या धरतात आणि गळतात. आज गळलेली एक चिरून बघितली. आत बारीक पांढऱ्या अळ्या, कागदावर टाकल्या तर टुणकन उड्या मारल्या. पोराला मजा वाटली, मला शिसारी आली. माशी कळीत अंडी घालते, अळ्या वाढल्या की मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माशी. म्हणजे मी इतके दिवस गळलेल्या कळ्या प्रेमानं कुंडीतच टाकून त्यांची सोय करत होते. आता रोज सकाळी सगळ्या वेचायच्या, पिशवीत गाठ मारून उन्हात.

१८ डिसेंबर

आज फुललं.

रात्री गार पडतंय, पहाटे कौलांवर दव. स्वेटर घालून गच्चीवर गेले तर कळी निम्मी उलगडलेली. नऊच्या सुमारास पूर्ण. तळहाताएवढं, कडा जरा चुणीदार. पाकळ्यांच्या मुळाशी तर रंग दिसतच नव्हता, नुसता खड्डा असल्यासारखं. जुन्या मखमली पेटीच्या आतला रंग. मधल्या दांड्यावर पिवळे परागकण, ते मात्र कुंकवाच्या ताटात हळद सांडावी तसे उठून दिसत होते.

मग ऊन आलं. मी फुलाच्या मागच्या बाजूला वाकले आणि पाकळीतून ऊन आरपार आलं, तर फूल लालभडक! पेटत्या निखाऱ्यासारखं. पुढून काळं, मागून रक्त. फोटोत यातलं काही येत नाही. मोबाइल स्वतःच उजेड वाढवून त्याचा साधा मरून करून टाकतो. नेटवरच्या फोटोंत उलटी लबाडी चालते.

अक्का बघायला आल्या. इकडून तिकडून वाकून बघितलं. "दासवाळ (जास्वंद) चांगलंय. कप्पु (काळं) कुठाय यात?" सासूबाई गुडघ्यांमुळे वर चढत नाहीत, म्हणून कुंडीच खाली नेली. त्यांनी चष्मा लावला. "करपल्यासारखं दिसतंय गं." मला राग आला. सहा महिने मातीत हात घातले होते मी.

संध्याकाळी खालची एक पाकळी पोरानं मागितली. नववीत आहे, शाळेत आम्ल-अल्कली चाललंय. पाकळी पांढऱ्या कागदावर चोळली, जांभळट डाग पडला. एका टोकाला लिंबू पिळलं, तिथे गुलाबी-लाल. दुसरीकडे सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना, तिथे हिरवं. मग परड्यातल्या तांबड्या फुलाचा तसाच डाग काढून शेजारी ठेवला. तोच खेळ, तेच रंग, फक्त फिक्कट. काळीत वेगळा काळा रंग असा नाहीच. तांबडीत असतो तोच, तिथे वाटीभर तर इथे घागरभर. पोरानं दोन्ही कागद वहीत चिकटवले. खाली 'काळी' लिहून ते खोडलं आणि 'गडद' लिहिलं.

१९ डिसेंबर

फूल आजही उघडं. परड्यातलं संध्याकाळी मिटून गळतं, हे थंडीमुळे दुसरा दिवस टिकलं. शाळेतून येऊन मी आधी गच्चीवर.

८ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. मिलीबग (पिठ्या ढेकूण) आलाच, शेंड्यांवर कापूस चिकटवल्यासारखा. फडक्यानं पुसला, मग साबणाच्या पाण्यात नीमतेल. दोन्ही कलमं आता कमरेएवढी, कळ्याही भरपूर, पण रंग गेला. उष्म्यात रंग साठत नाही, गार हवेतच तो दाट होतो. डिसेंबरातला कोळसा आता पिकलेल्या मिरचीएवढाच लाल, फूलही आखूड. ओळखीच्या एकीला मोठ्या कौतुकानं बघायला बोलावलं होतं. ती म्हणाली, छान आहे, आमच्याकडेपण आहे हे.

एक कुंडी उन्हातून काढून खाली हौदाशेजारी ठेवली, तांबडीच्या सावलीत. निदान पानं तरी वाचतील.

संध्याकाळी शाळेतून आले. देवघरात दिवा लागलेला, गणपतीच्या मूर्तीवर एक जास्वंद. कडा चुणीदार, पाकळ्या जाडसर. परड्यातली एकेरी नव्हेच.

"आई, हे कुठलं फूल?"

"कुठलं म्हणजे? हौदाजवळचं." त्यांनी वात पुढे सारली. "आज जरा मोठं आलंय."