पडका मठ आणि आमचे चित्रकलेचे सर

इंटरमिजिएटच्या तयारीत आमचं निसर्गचित्र म्हणजे झोपडी, माड आणि दोन डोंगरांच्या मधून वर येणारा सूर्य. कंटाळून चित्रकलेच्या सरांनी एकदा फळ्यावर एक छापील चित्र टाचलं. जर्मन चित्रकार कास्पर डाविड फ्रीडरिशचं. पडका मठ, निष्पर्ण ओक, बर्फ. “सर, ह्यात सूर्य कुठाय?” कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, “आधी माणसं शोध.”

माणसं सापडायला वेळ लागला. तळाच्या अंधारात शवपेटी घेऊन कमानीकडे निघालेले साधू, आणि अलीकडे बर्फात खणलेली कबर.

पुढे नोकरीमुळे जर्मनीत राहिलो. १८०९-१० सालचं ते मूळ चित्र बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. चांगलं पावणेदोन मीटर रुंद. मग त्याचं जन्मगाव ग्राइफ्सवाल्डही गाठलं, कारण तो मठ, एल्डेना, तिथलाच. बघतो तर लालभडक विटा, भोवती गार हिरवळ! ११९९ साली स्थापन झालेला हा मठ सतराव्या शतकातल्या युद्धांत मोडकळीला आला आणि मग त्याच्या विटा लोकांनी बांधकामाला नेल्या. म्हणजे ऊन-पावसापेक्षा माणसांनीच जास्त पाडलेला. चित्रात यातलं काही नाही. फ्रीडरिशने विटांचा लाल रंग पुसला, थंडी घातली, प्रेतयात्रा आणली. १८२५च्या सुमाराच्या दुसऱ्या चित्रात मात्र त्याच भिंतींच्या आत चक्क झोपडी आहे. (सर, ऐकताय ना?)

त्याची मला सगळ्यात आवडलेली खोड वेगळीच. पुढे त्याने चित्रात हाच मठ उचलून थेट रीझनगेबिर्गेच्या (आताच्या चेक-पोलंड सीमेवरच्या) डोंगरात नेऊन ठेवला. गावातलं याकोबी चर्च तर धड उभं होतं, तेही त्याने छप्पर उडवून पडकं काढलं! जे अजून पडायचंय ते त्याला आधीच दिसायचं.

त्याचं बर्फातल्या मठ-दफनभूमीचं आणखी एक चित्र १९४५मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झालं. उरलाय तो कृष्णधवल फोटो, आणि त्यावरून रंग काही कळत नाहीत. म्हणून आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात संचालक मंडळाला एक सुचवतो. जुनी कौलारू इमारत पाडायचीच असेल, तर आधी मुलांना रंगपेट्या घेऊन दिवसभर समोर बसवा. फोटोवर भागवू नका. आणि एखाद्याने छप्पर उडवून काढली, तर त्याचे मार्क कापू नका.