निफाडच्या बागेतून गाइझेनहाइमच्या उतारावर

ऑक्टोबरात आप्पांचा फोन आला, "वेलींचे डोळे फुटलेत आणि पाऊस काही उघडत नाही, डाऊनी रोगाची धास्ती आहे." त्याच आठवड्यात इथे जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी रीसलिंग जातीच्या द्राक्षांचे घड क्रेटमध्ये पडत होते. आमच्या निफाडात गोडी, म्हणजे फळासाठीची, छाटणी होऊन बाग फुटायची वेळ, ती इथे काढणीची. द्राक्षशेती शिकायला गाइझेनहाइमला येऊन मला अडीच महिने झाले. नाशिककडून जे मागून येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गाव लहान आहे, पण द्राक्षाचं शिक्षण आणि संशोधन इथे १८७२ पासून चालतं. नाशिक २० अंश उत्तरेला, हे ५० अंशांवर. इतक्या वर द्राक्ष पिकतं कसं, हा माझा पहिल्या दिवसाचा प्रश्न. उत्तर उतारावर उभं राहिल्यावर मिळालं. उत्तरेकडे जाणारी ऱ्हाइन इथे तीसेक किलोमीटर पश्चिमेला वळते. त्यामुळे काठचे उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन घेतात, आणि पाठीशी टाउनसचे डोंगर गार वारा अडवतात. हिवाळ्यात वेल झोपते, म्हणून छाटणी एकच. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. पानं गळालेली बाग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि पोटात धस्स झालं. आपल्याकडे अशी बाग म्हणजे गेलेली बाग.

वर्गात इंग्रजीने भागतं. जर्मन मात्र मी शिकले वीसबाडनच्या 'टाफेल'मध्ये. दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजू कुटुंबांना देणाऱ्या या संस्था १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झाल्या, आता देशभर आहेत. मी शनिवारी भाजी-फळं निवडायला जाते. दुसऱ्याच खेपेला द्राक्षांचे खोके आले. घडात चार-पाच मणी सडले की अख्खा घड टाकून देत होते. मला राहवलं नाही. कात्री मागितली आणि घरी विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढताना, करतो तसे नासके मणी देठापासून काढून घड स्वच्छ केला. शेजारच्या सत्तरीतल्या आजींनी काही न बोलता दुसरी कात्री आणली आणि माझ्या शेजारी बसल्या. त्या दुपारी मणी, देठ, घड, सडलेलं, गोड असे सगळे शब्द मी त्यांच्याकडून शिकले. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. परक्या गावात आपली कुणी वाट पाहणं काय असतं, ते इथे आल्यावरच कळेल. म्हणून सांगते, सेमिस्टर अंगवळणी पडायची वाट बघू नका, पहिल्या महिन्यातच अशा कामाला लागा. अन्न हाताळायचं असेल तर आरोग्य खात्याचा स्वच्छतेचा कागद मागू शकतात, तो आधी विचारून घ्या.

आता कागदपत्रं. एपीएस प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याशिवाय, व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, त्याला आधी हात घाला. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागले. त्यातून महिन्याला ९९२ हाती येतात. आकडा बदलतो, निघण्याआधी पुन्हा बघा. खोलीत राहायला गेलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. खोलीचे पैसे न बघता पाठवू नका. मी नाशिकमध्ये असतानाच एकाला डिपॉझिट पाठवलं आणि तो माणूस पुन्हा फोनवर आला नाही. आप्पांच्या घामाचे पैसे होते, ती बोच अजून जात नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र येताच भरा.

निफाडच्या कडाक्यात वाढल्यामुळे थंडीचं मला फार काही वाटलं नाही. अंधाराचं वाटलं. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि खोलीत घर आठवायला लागतं. संध्याकाळी बाहेर पडायचं काहीतरी कारण ठरवून ठेवा.

रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा. सामानात छोटा कुकर आणि गोडा मसाला हवाच. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. आणि विरळणीची कात्री आणणार असाल, तर ती चेक-इन बॅगेत टाका.