हॉटेलवाल्यांचं भागेल हो!
आज १५ जुलै २०२१. मॉरिशसची दारं पर्यटकांना उघडली म्हणे! मार्च २०२० पासून धंदा जवळपास ठप्पच. पण लस घेतलेला पाहुणाही चौदा दिवस रिसॉर्टच्या आवारातच राहणार. दुपारी ग्रां बेच्या टॅक्सी स्टँडवर यावरूनच जुंपली. डालपुरीचा घास हातात तसाच ठेवून एकजण क्रिओलमध्ये म्हणाला, "हॉटेलवाल्यांचं भागेल हो, माझ्या गाडीत कोण बसणार?" दुसऱ्याचं एकच पालुपद: मालदीवने गेल्या वर्षी याच तारखेला पर्यटक घेतले! अहो, तिथे रिसॉर्ट म्हणजे अख्खं बेटच. इथे भिंतीपलीकडे गाव, वेटर ड्यूटी संपली की बसने घरी. मला घाई नकोच वाटते. (माझा पगार पर्यटकांवर अवलंबून नाही. तेही त्या दुसऱ्याने सुनावलंच.)