हात खिशात

सप्टेंबरात शाळा सुरू होऊन दोनेक आठवडे झाले, की अमेरिकेतल्या एखाद्या प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात संध्याकाळी कब स्काउटची, म्हणजे स्काउटच्या लहान मुलांच्या शाखेची, नावनोंदणी असते. मुलं मागच्या मोकळ्या जागेत हुंदडत असतात आणि आईबाप सहा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले असतात. फी किती, शर्ट कुठे मिळतो, वार कोणता, एवढं बोलून झालं की कबमास्टर, म्हणजे पथकाचा प्रमुख, खाकरतो आणि सांगतो, पहिलीच्या मुलांना अजून लीडर मिळालेला नाही. त्याबरोबर सगळ्या माना खाली जातात. प्रत्येकाला फोनमध्ये काहीतरी अतिशय तातडीचं सापडतं. अशा वेळी जो बेसावधपणे वर बघतो, तो लीडर होतो. निवडप्रक्रिया म्हणून जे काही आहे ते एवढंच.

मराठी माणूस इथे हमखास सापडतो, कारण त्याला वाटत असतं, कुणीतरी 'सर' असतीलच की. आपल्याकडे स्काउट म्हणजे मुख्यतः शाळेतला प्रकार. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, मैदानावर शिट्टी आणि एरवी भूगोल शिकवणारे स्काउटचे सर. इथे सर नाहीत. पॅक, म्हणजे कबचं पथक, एखाद्या चर्चच्या, शाळेच्या पालकसंघाच्या किंवा क्लबच्या नावावर असतो, बसायला खोली ते देतात. बाकी कबमास्टरपासून खजिनदारापर्यंत सगळे कुणाचे ना कुणाचे आईबाप, आणि सगळे बिनपगारी. गणेशोत्सव मंडळ डोळ्यांपुढे आणलं की लवकर उमगतं. कार्यकारिणी मोठी, आणि प्रत्यक्ष मांडव घालणारे तेच चार जण.

घरात मुलगी आहे म्हणूनही सुटका नाही. मूळची 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' ही संस्था ८ फेब्रुवारी १९१० ची, तिची कब शाखा १९३० ची. २०१८ पासून कबमध्ये मुलीही येतात, आणि ८ फेब्रुवारी २०२५ पासून संस्थेचं नावच 'स्काउटिंग अमेरिका' झालं आहे. एका इयत्तेची सहा-आठ मुलं म्हणजे एक डेन. पहिलीतले टायगर, दुसरीतले वुल्फ, तिसरीतले बेअर; अशा सगळ्या डेन मिळून पॅक. डेन महिन्यातून दोनदा भेटते, पॅक एकदा.

यातल्या मोठ्यांना मुलांच्या भाषेत 'अकेला' म्हणतात. स्काउटचा जनक बेडन-पॉवेल याने १९१६ मध्ये लहान मुलांची शाखा काढली तेव्हा किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला लांडग्यांचा म्होरक्या 'अकेला' तिथे आणून बसवला. त्या कथेतल्या टेकड्या सिवनीच्या, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागणाऱ्या सिवनीच्या. शब्दाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही, आणि आठ मुलं, एक कात्री अशी वेळ आली की तो चांगलाच कळतो. गंमत अशी, की इथल्या अकेल्याला एकटं राहायची परवानगीच नाही. कुठल्याही कार्यक्रमाला २१ वर्षांवरचे, रीतसर नोंदणी झालेले दोन लीडर हजर लागतात. मुली असतील तर त्यांतली एक बाई लागते. परक्या मुलाबरोबर एकट्याने आडोशाला थांबायचं नाही. शू लागलेल्या मुलालाही एकट्याने घेऊन जायचं नाही. नोंदणीआधी पोलिसी पार्श्वभूमी तपासली जाते आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण ऑनलाइन पुरं करावं लागतं. अडतं ते वेगळ्याच जागी. दुसरा लीडर वाहतुकीत अडकतो, मुलं आलेली असतात आणि 'पाच मिनिटांत येतोच, तोवर करू या सुरू' हे आपल्या जिभेवर येतं. करायचं नाही. आलेल्या आईबापांना थांबवून घ्यायचं. सहलीच्या सकाळी दोघांतला एक तापाने पडला आणि तिसरा तयार नसला, तर सहल रद्द करायची. म्हणून शहाणे पॅक प्रत्येक डेनमागे तिघांची नावं घालून ठेवतात.

डेनची बैठक तासाभराची. पहिली दहा मिनिटं येणाऱ्यांची, तेव्हा हाताला काहीतरी चाळा हवाच. नाहीतर पहिला आलेला मुलगा टेबलाखाली जातो आणि बाकीचे त्याच्यामागे. मग झेंडा आणि प्रतिज्ञा, अर्धा तास काम, दहा मिनिटं खेळ, शेवटी आवराआवर. आरडाओरडा झाला तर ओरडायचं नाही. उजवा हात वर करून दोन बोटं उभी धरायची, लांडग्याच्या कानांसारखी. बघेल ते मूल गप्प होऊन आपली बोटं उभी करतं. आठातली सहा गप्प व्हायला पंधरा सेकंद लागतात, उरलेल्या दोघांना त्यांचे शेजारी कोपरखळीने गप्प करतात. लीडर मध्येच 'शूऽऽ' म्हणाला की खूण वाया गेली.

नव्या लीडरचं हमखास चुकतं ते सामान वाटण्यात. डिंक, कात्र्या आणि रंगीत कागद आधी टेबलावर मांडले की पुढची सूचना कुणीही ऐकत नाही. आधी तयार वस्तू दाखवायची, दोन मिनिटांत कृती सांगायची, मग सामान सोडायचं. पांढरा डिंक तासाभरात नीट वाळत नाही, त्यामुळे घरी नेताना गाडीच्या सीटला जे चिकटतं ते शिल्प आपलंच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपले हात. रीफ नॉट शिकवताना 'उजवी डावीवर, मग डावी उजवीवर' एवढंच सांगायचं असतं. मूल दोन्ही वेळा उजवीच वर घेतं, गाठ आडवी पडते आणि ओढली की सरकते. ती सरकू द्यायची. सरकली की मूल स्वतःच दुसऱ्यांदा बघतं. 'काका, तुम्हीच करा ना' म्हणून दोर पुढे आला की आपले हात आपसूक निघतात, आणि त्या आठवड्याची गाठ काकांना येते. अनुभवी लीडर म्हणून बोलताना हात खिशात घालतात. उद्धटपणा वाटतो खरा, पण त्याचा उपयोग होतो.

हाच नियम चाकूच्या वेळी कसोटीला लागतो. तिसरीच्या बेअरना खिशातला चाकू वापरायचा परवाना मिळतो, पण आधी साबणावर. मऊ पांढरी वडी, आइसक्रीमची काडी किंवा प्लास्टिकचा चाकू, आणि साबणाचा मासा. मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि सावकाश गोल फिरायचं. त्या वर्तुळात दुसरं कुणी येत असेल तर चाकू उघडायचाच नाही. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा वाईट, कारण जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो. बऱ्याच पॅकमध्ये चूक झाली की परवान्याच्या कार्डाचा एक कोपरा कापतात. चार कोपरे गेले की चाकू घरी. मुलांना ही शिक्षा फार आवडते, विशेषतः दुसऱ्याची.

शरदात पॉपकॉर्न विकायचे. पॅकचा वर्षाचा बराचसा खर्च त्यातून निघतो. दुकानाच्या दाराशी टेबल, दोन-दोन तासांची पाळी, एका टेबलाला दोन-तीन मुलं आणि त्यांचे मोठे. आपल्या मुलाने गणवेश घालून दारात उभं राहून काही विकावं, हे आपल्याकडच्या आज्ज्यांना व्हिडिओ कॉलवर समजावून सांगणं हे या पदाचं एक अलिखित काम. वर्गणी म्हटलं की त्यांना पटतं. बोलायचं मुलाने; मोठ्यांनी मोड मोजायची. नाही म्हणणाऱ्यालाही थँक यू म्हणायला शिकवलं, की निम्मे लोक दुकानातून परत जाताना थांबतात. निम्मे हा आकडा मोजलेला नाही, पण टेबलामागे उभं राहिलेलं कुणीही हेच सांगेल.

ऑक्टोबरात तंबूतली एक रात्र. त्यासाठी निदान एका लीडरने बाहेर मुक्कामाचं जे प्रशिक्षण घ्यायचं, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा जुळवून आणलेला उच्चार 'बालू' होतो. म्हणजे सिवनीचं अस्वलही आलंच. प्रत्येक मुलाकडे सहा वस्तू हव्यात: प्रथमोपचाराची पेटी, पाणी, टॉर्च, खाऊ, उन्हापासून बचावाचं काही आणि शिट्टी. शिट्टी कशाला वाजवायची हे आधी सांगावं, नाहीतर ती पहाटे साडेपाचला वाजते. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, म्हणून आणखी एका पांघरुणापेक्षा अंगाखालची चटई महत्त्वाची. दिवसभर घातलेले मोजे घामाने ओलसर असतात, ते तसेच ठेवून झोपलेलं मूल रात्री दोनला रडतं. झोपायच्या आधी कोरडे मोजे, एवढा उपाय.

शेकोटीवर मार्शमेलो भाजतात. त्यात बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं, आणि हलाल लिहिलेलं पाकीट म्हणजे शाकाहारी असं नव्हे. शाकाहारी मुलांसाठी वेगळं पाकीट आणि वेगळ्या काड्या, आणि काड्यांना रंगीत दोरा बांधलेला, एवढं केलं तर अंधारात घोटाळा होत नाही. कोण काय खातं याची यादी आठ दिवस आधी फिरवायची. शेकोटीपाशी विचारलं तर मूल 'मला चालतं' म्हणतंच.

आणि मग हिवाळ्यात पाइनवुड डर्बी येते, जिथे खिशातले हात बाहेर येतात.

मुळात एका बापाचाच हा उद्योग. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाच्या कबमास्टरचा दहा वर्षांचा मुलगा सोपबॉक्स गाड्यांच्या, म्हणजे मुलं आत बसून उतारावरून सोडतात त्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या, शर्यतीला वयाने लहान ठरत होता, म्हणून १९५३ मध्ये त्याने हातात मावणाऱ्या गाड्यांची शर्यत काढली. डब्यात मिळतो तो पाइन लाकडाचा ७ इंची ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि आस म्हणून चार खिळे. नियमही आखडते. लांबी ७ इंच, रुंदी चाकांसकट पावणेतीन, वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम. इंजिन नाही, उतारावरून सोडायची, जाईल तशी जाईल.

डब्बा डिसेंबरात हातात पडतो, शर्यत जानेवारीअखेर. मधल्या काळात उपनगरांतल्या गॅरेजांमधून जे चालतं, त्याला मुलांचा उपक्रम म्हणणं धाडसाचं आहे. काम वाटून घेतलं तर सगळं शक्य असतं. टायगरने कागदावर आकार काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, रंगवायचं, करवत मोठ्यांची. पेपर आधी १०० नंबरचा, मग १५०, मग २२०. बेअरला शिकंज्यात ठोकळा घट्ट धरून हातकरवत चालवता येते. रंगाचे दोन हात, मध्ये एक रात्र. आदल्या दिवशी रंगवलेली गाडी डब्यातल्या टिशू पेपरची लव अंगावर घेऊन येते.

गाडी अडते ती चाकांपाशी. खिळ्याच्या डोक्याखाली बनवताना राहिलेली बारीक कड असते, ती कानशीने काढून ४००, मग ६०० नंबरच्या ओल्या पेपरने घासायची. खिळा हातोडीने ठोकला की खाचेपाशी पाइन चिरतो, म्हणून अंगठ्याने दाबत, हलकेच टिचक्या मारत बसवायचा. चाक आणि लाकूड यांच्यात बँकेच्या कार्डाइतकी फट. जास्त डिंक लावला तर तो खिळ्यावरून वाहत चाकात जातो आणि सकाळी चाक गाडीचाच भाग झालेलं असतं. वंगणाला तेल नको, ते धूळ धरतं. कोरडी ग्राफाइटची पूड, आणि ती अंगणात बसून. बाथरूमच्या पांढऱ्या टॉवेलांनी याची किंमत मोजलेली घरं बरीच आहेत.

वजन शक्यतो मागे, कारण उतारावर उभी असताना मागची बाजू जास्त उंचावर असते आणि तिला खाली यायला जास्त अंतर मिळतं. गाडी बोटावर तोलली तर ती मागच्या आसाच्या इंच-सव्वा इंच पुढे तोलली जावी. त्याहून मागे नेलं तर पुढची चाकं हलकी पडतात आणि ट्रॅकच्या सांध्यावर गाडी डुलते. हे आठ वर्षांच्या मुलाला बोटावर करून दाखवलं की लगेच कळतं. बापाला कळलेलं असतंच; त्याने तोवर टंगस्टन या जड धातूच्या वजनांची मागणी नोंदवलेली असते.

शर्यतीच्या सकाळी लीडरची जागा वजनकाट्यापाशी. घरच्या काट्यावर बरोबर ५.० भरलेली गाडी इथे ५.१ भरते, आणि 'आमचा काटा चुकत नाही' हे वाक्य सुरू होतं. पॅकचा काटा तोच खरा, हे आदल्या आठवड्यातच कळवून ठेवावं. जादा ०.१ औंस म्हणजे २.८ ग्रॅम. पोटाकडून भोकं पाडून तेवढं काढायचं तर साधारण सहा घनसेंटिमीटर पाइन जातो, म्हणजे गाडीची चाळणी. त्यापेक्षा घरूनच ४.८ वर आणायची आणि उरलेलं इथे भरायचं. १९८२ नंतरची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, अडीच ग्रॅमची असते, दोन पेन्या पोटाला चिकटवल्या की काम झालं. टेबलावर पेन्या, टेप, ड्रिलमशीन आणि ग्राफाइट ठेवलेलं असावं. रडणाऱ्यासाठी टिशू पेपर, मोठेही मागतात.

बापांचे हात आवरायला एक तोडगा मात्र चांगला निघाला आहे. बरेच पॅक मोठ्यांची वेगळी शर्यत ठेवतात. ज्याला टंगस्टन घालायचं आहे, पुढचं एक चाक अधांतरी ठेवून घर्षण वाचवायचं आहे, त्याने आपली गाडी आपल्या नावावर उतरवावी. त्यामुळे मुलांच्या शर्यतीत खऱ्या मुलांच्या गाड्या दिसायला लागतात. एक वडापावसारखी, एकीला डोळे चिकटवलेले, एकीचा रंग तळव्याच्या ठशासकट वाळलेला. प्रत्येक गाडी चारही लेनमधून एकेकदा सुटते, म्हणजे ट्रॅकला दोष देता येत नाही. एक फेरी तीनेक सेकंदांची. डोळे चिकटवलेली गाडी चारही वेळा शेवटची येते आणि तिचा मालक चारही वेळा तिला धरायला ट्रॅकच्या टोकापर्यंत धावतो.

बक्षिसं झाली की मोठ्यांची फेरी लावतात. काट्याभोवती गर्दी होते. कुणीतरी नियमांचा कागद मागतं, कुणीतरी खिळ्याला भिंग लावून बघतं, पेनीचे दोन तुकडे करता येतील का यावर चर्चा सुरू होते. मुलं तोवर आपापल्या गाड्या घेऊन कॅफेटेरियाच्या फरशीवर पालथी पडलेली असतात आणि तोंडाने आवाज काढत त्या हाताने दामटवत असतात. अशाने आस वाकतात, ग्राफाइट सगळं फरशीला लागतं.