चॉकलेटला पाऊण तास

टूर कंपनीकडून आलेल्या पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'चॉकलेट शॉप, ४५ मिनिटं'. मी सांगितलेलं न्यूव्ह शापेल, म्हणजे फ्रान्समधलं पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक, मात्र कुठेच नव्हतं. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तिकडे शाळा फारशा जात नाहीत, आणि ड्रायव्हरच्या तासांतही ते बसत नाही."

मी लेस्टरमधल्या एका शाळेत इतिहास शिकवते. आमच्याकडे नववीला पहिलं महायुद्ध असतं आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच शाळांसारखी आमचीही सहल बेल्जियममधल्या ईप्रला जाते. (तिथले लोक इपर म्हणतात, तेव्हाचे ब्रिटिश सैनिक वायपर्स म्हणायचे. आमची पोरं तिन्ही उच्चार एकाच वाक्यात करतात.) आधीचे सर निवृत्त झाले आणि मार्च २०२३ ची सहल माझ्या गळ्यात पडली. ४२ मुलं, ५ मोठी माणसं, दोन रात्री.

सहल म्हणजे इतिहास, असा माझा समज होता. पहिले चार महिने इतिहास आसपासही फिरकला नाही. रिस्क असेसमेंट, संमतीपत्रं, कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी, कुणाला हलाल, कुणाकडे पैशांची अडचण. आणि पासपोर्ट. युरोपात शिरताना पासपोर्ट दहा वर्षांहून जुना नको आणि परतल्यानंतर किमान तीन महिने चालणारा हवा. इथे मुलांचा पासपोर्ट मुळात पाचच वर्षांचा असतो. ऑक्टोबरात सगळ्यांच्या प्रती मागवून एकेक तारीख तपासली तेव्हा नऊ जणांचे पासपोर्ट बाद निघाले. पालकांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. मजा म्हणजे निर्धास्त कोण, तर दमणहून आलेल्या घरातली दोन मुलं. त्यांच्या खिशात पोर्तुगीज पासपोर्ट. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळातला हिशेब असा डोव्हर बंदराच्या रांगेत उपयोगी पडतो.

खरी कसोटी लागली ती एका मुलीसाठी. आई केरळची, इथे नर्स. मुलीचा पासपोर्ट भारतीय. ब्रेक्झिटच्या आधी अशा मुलांची नावं एका यादीवर घालून शिक्का मारून घेतला की व्हिसा लागत नसे. आमच्या सहलीच्या वेळी मात्र प्रत्येकाला वेगळा शेंगेन व्हिसा लागत होता. शैक्षणिक सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांना त्याची फी माफ असते, हे मला नियम वाचताना कळलं, आणि मी ते आईला इतक्या उत्साहाने सांगितलं जणू मीच माफ केली होती. पण अडत होतं ते फीवाचून नव्हे, अपॉइंटमेंटवाचून. रात्रपाळी संपवून ती माउली पहाटे मोबाइल घेऊन बसायची, एखादी वेळ मोकळी होते का बघत. शेवटी जानेवारीत लंडनची एक वेळ मिळाली. कागदांची यादी आली. हॉटेलचं पत्र, ३० हजार युरोंचा विमा, आईवडील दोघांची संमती, शाळेचं पत्र आणि दिवसावार प्रवासाचा आराखडा.

म्हणजे चॉकलेट की न्यूव्ह शापेल, हे अपॉइंटमेंटच्या आत ठरवणं आलं.

माझा हट्ट का होता ते सांगते. माझं लहानपण खडकीत गेलं. वडील दारूगोळा कारखान्यात. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करातल्या अभियंत्यांच्या दलाचं, केंद्र आमच्या रोजच्या रस्त्यावर, इतकं रोजचं की त्यांच्याविषयी कुतूहल असं कधी वाटलंच नाही. इथे येऊन महायुद्ध शिकवायला लागल्यावर वाचलं की २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावावर ४७व्या शीख पलटणीबरोबर ज्यांनी हल्ला केला, त्या 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स'च्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या. खडकीच्या. पूल बांधायला, खंदक खणायला शिकवलेली माणसं. ती घराघरांतून झुंजत गावात शिरली, मागून कुमक आली नाही आणि परतावं लागलं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं पंजाबी, गुजराती, बंगाली घरांतली. त्यांना हे दाखवल्याशिवाय माघारी आणायचं, हे मला पटत नव्हतं.

मग मी ड्रायव्हरच्या तासांचा नियमच शोधून वाचला. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास चालवणं. कागदावर मांडलं. ईप्र ते न्यूव्ह शापेल पाऊण तास, तिथून कॅले बंदर सव्वा तास, मग फेरीबोटीचे दीड तास. गाडी खाली उभी आणि ड्रायव्हर वर कॉफी पीत बसलेला, म्हणजे विश्रांती झालीच. डोव्हर ते लेस्टर साडेतीन तास. एकूण साडेपाच. तासांत सगळं आरामात बसत होतं. हे फोनवर वाचून दाखवल्यावर पलीकडे जरा शांतता, मग "बघते". दोन दिवसांनी सुधारित पत्रिका आली. टाइन कॉट स्मशानभूमी दुसऱ्या दिवशी सरकवली होती. चॉकलेटचं काय, यावर मुलांच्या प्रतिनिधींशी माझी स्वतंत्र वाटाघाट झाली. ईप्रच्या मुख्य चौकातच चॉकलेटची दुकानं आहेत, तेव्हा मेनिन गेट या स्मारक-कमानीखालच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास मोकळा. तह झाला.

व्हिसा निघायच्या चार दिवस आधी आला. आईने फोटो पाठवला आणि खाली फक्त "मिस!!!"

ईप्रविषयी काय सांगू? तासलेल्या दगडांचं सुबक मध्ययुगीन गाव वाटतं, आणि मग कळतं की हे सगळं नव्याने बांधलंय. युद्धात गाव भुईसपाट झालं होतं आणि तो भव्य क्लॉथ हॉल पुरता उभा राहायला १९६७ उजाडलं. संध्याकाळी आठला मेनिन गेटखाली रहदारी थांबवून बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजते, १९२८ पासून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातली वर्षं तेवढी खंड पडला. कमानीवर ५४ हजारांहून जास्त नावं, ज्यांची कबर सापडली नाही त्यांची. पुष्पचक्र वाहायचं तर आधी नोंद करावी लागते, ती मी केली होती. दोन मुलं आणि ती मल्याळी मुलगी पुढे गेली. माझ्या शेजारच्या पोराच्या तोंडात त्या वेळी चॉकलेट होतं. चावायचं की गिळायचं, हा पेच त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्यूव्ह शापेल. सपाट शेतं, एक चौफुली, आणि त्या फ्रेंच चिखलात दगडी जाळीची गोल भिंत, उंच खांब, खांबाच्या माथ्यावर कमळ, दोन बाजूंना दोन वाघ. ४,७०० हून जास्त नावं. खांबाच्या पायथ्याशी कोरलेल्या ओळींत एक देवनागरीत आहे. मुलांना ती वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवली. मग आम्ही पलटणींचे मथळे शोधत भिंतीकडेने फिरलो. 'सॅपर्स अँड मायनर्स' दिसल्यावर मी थांबले. एकेका नावावरून बोट फिरवत गेले. त्यांपैकी कोण कुठल्या गावचा, ते दगडावर लिहिलेलं नसतं.

"मिस, ही माणसं तुमच्या गावची?" एकाने विचारलं.

"त्यांची छावणी आमच्या गावात होती," मी म्हटलं.

ड्रायव्हर फाटकाशी येऊन घड्याळाकडे बघून गेला. मी मुलं मोजली, एकेचाळीस. पुन्हा मोजली, तरी एकेचाळीस. बेचाळिसावा वाघाच्या मागे उभा राहून आजीला व्हिडिओ कॉल लावत होता आणि नेटवर्क येत नव्हतं.