आमची वाटचाल : पात्याचं पाणी

शिकलगारांचं नाव निघालं की लोक मिरजेच्या सतारमेकरांवर येतात. बरोबरच आहे. तीही मूळची हत्यारांना शिकल, म्हणजे धार आणि झिलई, करणारी घराणी. तलवारींचे दिवस सरले तशी ती तंबोरे-सतारींकडे वळली आणि लांबवर नाव झालं. आमचे आजोबा पात्यापाशीच राहिले आणि तासगावात दुकान घातलं. विळे, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे. वडिलांच्या हातात छाटणीच्या कात्र्या आल्या, आणि द्राक्षबागांत डॉगरिजचा खुंट (ज्या मुळाच्या झाडावर द्राक्षाची काडी कलम करतात ते) सगळीकडे झाल्यावर माझ्या वाट्याला कलमाचे घडीचे चाकू. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने असते, हे बागायतदारांना सांगायला नको. सपाट अंग लाकडाला लागतं म्हणून पाचरीचा काप सरळ उतरतो. दोन्ही अंगांनी धार केली की पातं लाकडात शिरताना वळतं, काप पोटाला फुगतो, खुंटात पाचर नीट बसत नाही. काडीचा आणि खुंटाचा सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला नाही तर वरून पट्टी कितीही आवळा, आत पोकळीच राहते. डावखुऱ्याला उजव्या हाताचा चाकू चालत नाही तोही याचमुळे.

आता आमचं गिऱ्हाईक तोडणाऱ्या माणसाबद्दल. नाव घेत नाही. आमच्याच दुकानात दोन सीझन दगडाला पाणी घालत होता. मग बाजारपेठेत गाळा घेऊन ग्राइंडर बसवला. ‘एका मिनिटात धार’ असा बोर्ड लावला आणि दर आमच्या निम्मा ठेवला. आमच्याकडे चाकू संध्याकाळी द्यायचा आणि सकाळी न्यायचा. त्याच्याकडे चहा संपेपर्यंत हातात, वर मनगटावरचे केस काढून दाखवायचा. गिऱ्हाईक खूश. ऐन सप्टेंबरात, कलमांच्या सीझनला, आमच्या फळीवर चाकू नाहीत अशी वेळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. धाकटा भाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागला तो लागलाच. आजोबांची मोठी सहाण विकायची बोलणीसुद्धा झाली होती. ज्यांच्या दोन-दोन पिढ्यांच्या कात्र्या आम्ही केल्या ते लोक दुकानासमोरून मान खाली घालून जायचे. कोण कोण ते लक्षात आहे.

त्याचं काम कसं होतं ते सांगतो, कारण ते त्या वेळी कुणी ऐकून घेतलं नाही. पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, उष्णतेने उतरतं. धारेची कड कागदासारखी पातळ, तिला ग्राइंडरच्या कोरड्या एमरी चाकावर तापायला क्षणही लागत नाही. आधी पिवळसर छटा येते, मग तपकिरी, मग जांभळी, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळी. कार्बन स्टीलचं पातं निळं पडलं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. नंतर पाण्यात बुडवून तो परत येत नाही. आणि हा गडी ती निळाई बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, घासून चकाचक करून द्यायचा! दिसायला आरसा, सकाळच्या काड्या कापायला झक्कास, आणि दुपारी जेवणानंतर पातं काडी कापायच्या ऐवजी चेपायला लागायचं. शिवाय घाईत दोन्ही अंगं चाकावर धरायचा, म्हणजे एका अंगाची धारही गेलीच.

त्या काळात एकच माणूस हलला नाही. मणेराजुरीकडचे एक मुकादम, आम्ही त्यांना दादाच म्हणतो. कलमाला नगावर पैसे, त्यामुळे टोळीत मिनिटाचा हिशेब असतो. तरी ते टोळीचे सगळे चाकू फडक्यात बांधून आमच्याकडेच आणायचे. त्यांचा स्वतःचा चाकू जर्मन, टिना कंपनीचा, अक्रोडाच्या मुठीचा. घासून घासून पातं निम्म्यावर आलंय, पण बदलत नाहीत. धार बघायला ते केस काढत नाहीत, अंगठाही लावत नाहीत. एक काडी तिरकी कापतात आणि काप उन्हात धरतात. एकसारखा चमकला तर खिशात हात घालतात, रेघ दिसली तर चाकू परत फळीवर. वडिलांनाही त्यांनी एकदा असाच परत दिला होता.

एका संध्याकाळी दादा दुसऱ्याच टोळीचं फडकं घेऊन आले. “मालक, ह्यांचं कायतरी करा, पोरं रडायला लागल्यात.” ते चाकू मी आधी दोनशे चाळीस नंबरच्या भरड दगडावर घेतले, भरपूर पाणी घालत, पाणी उतरलेली कड संपेपर्यंत. कुणाचं एक मिलिमीटर गेलं, कुणाचं दोन. मग हजार, तीन हजार नंबरचे बारीक दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. ती टोळी राहिली, तिच्यामागून दुसऱ्या आल्या. त्या वर्षी जी कलमं फेल गेली ती सगळी चाकूमुळे असं मी म्हणत नाही. हवा खराब होती, काडीवरचे डोळे कोवळे होते. पण बागायतदारांनी औषधाला, रोपवाटिकेला, मजुरांना दोष दिला, चाकूकडे कुणी बघितलं नाही. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

घरी धार लावणाऱ्यांनी एवढं करा. खिशातला साधा घडीचा चाकू असेल तर दोन्ही अंगांनी वीस अंशांच्या आसपास धरा. कोन जमतोय का ते बघायला कडेला मार्करची रेघ ओढा. शाई कुठली निघाली त्यावरून कळतं. एका अंगाने घासताना पलीकडे धातूची बारीक कोर उठते, ती नखाला अडकते. ती टोकापर्यंत उठल्याशिवाय बाजू बदलू नका. सगळे इथेच घाई करतात. कलमाच्या चाकूचं सपाट अंग मात्र दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदाच फिरवा. स्विस चाकूचं पोलाद त्यामानाने मऊ, लवकर बोथटतं आणि लवकर लागतंही. लाकडी मुठीचा ओपिनेल हा फ्रेंच चाकू पावसात भिजला की मूठ फुगते आणि पातं उघडत नाही. पक्कड लावू नका, सुकू द्या. सांध्यातला चीक काडीने काढून मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, खोबरेल नको, ते चिकट होतं. आणि पातं निर्जंतुक करायला ब्लीच वापरणाऱ्यांनो, स्टेनलेसलासुद्धा त्याने खड्डे पडतात. स्पिरिट घ्या.

हल्ली ब्लेड बदलायचे कटर आलेत, बोथट झालं की टाकायचं. पोरांना ते सोपं वाटतं. पातळ ब्लेड जाड खुंटात लवतं, हे दोन सीझन गेले की कळेल त्यांना.

सहाण विकली नाही, दुकानातच आहे. सीझनमध्ये चाकू संध्याकाळी सातच्या आत आणून द्यावेत, मुठीवर नावाची चिकटपट्टी लावून. त्या वर्षी मान खाली घालून गेलेले बहुतेक परत आलेत आणि ‘जुनं गिऱ्हाईक’ म्हणून दर कमी करा म्हणतात. दर सगळ्यांना एकच आहे. दादांकडून घेत नाही.